ज्याच्या हरण्याची वाट पाहिली, तोच निघून गेला

ताई,

माझा प्रश्न घरात कुणाला सांगितला तर हसतील, म्हणून तुम्हाला लिहितोय. १ मे २०१२ रोजी स्नूकरपटू स्टीफन हेंड्री क्रूसिबलमध्ये, म्हणजे जिथे जगज्जेतेपदाची स्पर्धा होते त्या शेफील्डच्या नाट्यगृहात, स्टीफन मॅग्वायरकडून १३-२ अशा फ्रेमनी, म्हणजे डावांनी, हरला आणि लगेच त्याने निवृत्ती जाहीर केली. मी त्याचा चाहता नाही, कधीच नव्हतो. मी जिमी व्हाइटचा माणूस. जिमी जगज्जेतेपदाच्या सहा फायनल हरला, त्यातल्या चार या हेंड्रीने नेल्या. बावीस वर्षं मी या माणसाच्या चुकीची वाट पाहिली. त्याला मी ‘यंत्र’ म्हणायचो. १९९४ ची फायनल जिमी १८-१७ ने हरला त्या रात्री हेंड्रीला जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे त्याचा खेळ घसरला तेव्हा मला बरं वाटायचं. १९९८ मध्ये तो यूके चॅम्पियनशिपमध्ये मार्कस कॅम्पबेलकडून ०-९ हरला. माझा एक मित्र पक्का हेंड्रीवाला आहे, आमच्या सगळ्या मॅच बरोबर पाहिलेल्या. त्याला मी त्या दिवशी फोन करून एक ते नऊ आकडे मोजून दाखवले होते.

आणि परवा निवृत्तीची बातमी ऐकून मी रडलो. मग राग आला. दहा दिवसांपूर्वी १४७ चा ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत सगळं टेबल रिकामं करून पूर्ण गुण, करणारा माणूस असा अचानक कसा जातो? मग वाटलं, सुटलो एकदाचा. मग पुन्हा पोटात खड्डा. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, “तुला तर हेच हवं होतं. तुला रडायचा हक्क नाही.” आणि फोन ठेवला. तेव्हापासून झोप नीट नाही. माझं दुःख खोटं आहे का? की इतकी वर्षं केलेला रागराग खोटा होता? हेंड्रीला पत्र लिहून माफी मागावी असंही मनात येतं.

— एक व्हाइटवाला

*

नमस्कार,

आधी हक्काचं बोलू, कारण तुमची झोप त्या शब्दाने उडवली आहे.

जो एखाद्याच्या चुकीची वाट पाहत बसतो, त्याला डोळ्यांची पापणी लववता येत नाही. तुमच्या मित्राचा हेंड्री सहा फ्रेमनी पुढे असला की मित्र निवांत उठून पाणी पिऊन येऊ शकत होता. तुम्हाला ती सोय नव्हती. पुढच्या लाल चेंडूवर तो चुकेल, निदान त्याच्या पुढच्या तरी चुकेल, ही आशा तुम्हाला खुर्चीत खिळवून ठेवायची. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला खडू लावताना तो कुठे बघतो, क्यू मागे घेऊन किती थांबतो, चेंडू पॉकेटमध्ये पडायच्या आत पुढच्या शॉटकडे कसा चालू लागतो, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. बावीस वर्षं एखाद्या माणसाकडे इतक्या बारकाईने पाहिल्यावर तो निघून गेला की पोटात खड्डा पडतोच. त्यासाठी तो आवडता असावा लागत नाही.

मी हे तुमची समजूत घालायला म्हणत नाही. मला स्वतःला स्टीव्ह डेव्हिस आवडायचा नाही. सहा जगज्जेतेपदं मिळवणारा, सेफ्टीचा, म्हणजे समोरच्याला सोपा चेंडू न ठेवण्याचा, एकेक शॉट मोजूनमापून खेळणारा, कधीही न घाबरणारा माणूस. १९८५ च्या फायनलमध्ये पस्तिसाव्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर डेनिस टेलरने त्याला हरवलं. त्या फायनलमध्ये टेलर पहिल्या आठही फ्रेम हरला होता आणि शेवटच्या चेंडूपर्यंत एकदाही आघाडीवर नव्हता. डेव्हिसची ती हार मी कितीतरी वर्षं मनात जपून ठेवली होती. आणि मग २०१० उजाडलं. बावन्न वर्षांच्या डेव्हिसने क्रूसिबलमध्ये गतविजेत्या जॉन हिगिन्सला १३-११ ने हरवलं आणि शेवटच्या फ्रेमला मी उभी होते, हात जोडून. तेव्हा कळलं की माझं भांडण डेव्हिस नावाच्या माणसाशी नव्हतंच. तो नेहमी जिंकणार हे आधीच ठाऊक असायचं, त्या खात्रीशी होतं. खात्री गेली, माणूस उरला, आणि तो माणूस मला फार आवडला.

तुमच्या बाबतीत मात्र गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तुम्ही हेंड्रीच्या विरोधात होता, पण त्याआधी जिमीच्या बाजूने होता. माझ्या मते तुमच्या दुःखाची गाठ तिथे आहे.

१९९२ आठवा. जिमी १४-८ ने पुढे, विजयाला फक्त चार फ्रेम हव्या होत्या. हेंड्रीने पुढच्या दहाच्या दहा फ्रेम घेतल्या आणि सामना १८-१४ ने संपवला. पुढच्या वर्षी १८-५. आणि मग १९९४. शेवटची, पस्तिसावी फ्रेम. जिमी टेबलावर, ३७-२४ ने पुढे, आणि त्याच्या ठरलेल्या जागेवरचा काळा चेंडू जिमीकडून चुकला. हेंड्री उठला, ५८ चा ब्रेक केला, संपलं. तो दिवस २ मे होता, जिमीचा बत्तिसावा वाढदिवस. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं त्याच्या मनात एक हिशेब उघडा राहतो. जोपर्यंत दोघंही खेळताहेत तोपर्यंत त्या हिशेबाला अर्थ असतो. आज ना उद्या, कुठल्या तरी फेरीत, कुठल्या तरी छोट्या स्पर्धेत का होईना, जिमी फेड करेल. हे तुम्ही मोठ्याने कधी म्हणाला नसाल. जिमी २००६ नंतर क्रूसिबलपर्यंत पोचलेला नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी आशा हिशेब बघत नाही. १ मे रोजी ती वही मिटली. १९९४ चे ते आकडे आता कायमचे तसेच राहणार. तुम्ही रडलात त्यात हेंड्री होता, पण जिमीचा काळा चेंडूही होता. राग आला तो, वहीत बाकी असताना समोरचा उठून गेला म्हणून. आणि ‘सुटलो’ असं वाटलं तेही खरं, कारण आता वाट पाहायला नको. एकाच बातमीने तिन्ही गोष्टी उठल्या. त्यातली एक खरी आणि बाकीच्या खोट्या असं नसतं. उगाच निवड करत बसू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. हरलेल्या फायनल आहेत, ०-९ आहे, पण १९८८ नाही आणि १९९८ सुद्धा नाही. क्रूसिबलमध्ये जिमी आणि हेंड्रीची पहिली गाठ १९८८ साली दुसऱ्या फेरीत पडली आणि जिमीने तो सामना १३-१२ ने जिंकला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९८ च्या पहिल्याच फेरीत, जिमीने त्याला १०-४ असं घरी पाठवलं. सहा वेळच्या जगज्जेत्याला, पहिल्या फेरीत! तुम्ही हे पाहिलं असणार, नाचलाही असाल. मग पत्रात ते का नाही आलं? मला वाटतं, जिमीवर प्रेम करताना त्याच्या हरण्यावरही तुमचं प्रेम बसलं आणि त्या चित्रात न बसणाऱ्या विजयांना जागा उरली नाही. त्यांना जागा द्या. हिशेब पुरता तुमच्या बाजूचा नाही, पण कोराही नाही.

आता ‘यंत्र’. या शब्दाशी मी भांडणार आहे.

हेंड्री चेहऱ्याने थंड होता, मान्य. पण त्याचा खेळ बघा. त्याच्या आधीचे मोठे खेळाडू ब्रेक करताना सुटे लाल चेंडू आधी संपवायचे, पुढचा चेंडू नीट मिळत नाही असं दिसलं की सेफ्टी खेळून मागे सरायचे, आणि एक फ्रेम तीन-चार खेपांमध्ये हळूहळू जिंकायचे. हेंड्री टेबलावर आला की निळा चेंडू मधल्या पॉकेटमध्ये टाकतानाच पांढरा चेंडू लालांच्या गठ्ठ्यात जोरात घुसवायचा. ब्रेक अजून लहान असतानाच. गठ्ठा फुटला तर एका खेपेत फ्रेम खिशात. फुटला नाही किंवा पांढरा अडकला, तर सगळं टेबल प्रतिस्पर्ध्यासाठी उघडं. हा जुगार आहे, आणि तो हा जुगार जगज्जेतेपदाच्या फायनलमध्ये, बरोबरीच्या स्कोअरवर खेळायचा. १९९४ च्या यूके चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये केन डोहर्टीला हरवताना त्याने सात सेंच्युरी ब्रेक केले. आजची मुलं अशीच खेळतात आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण ती रीत त्याने पाडली.

आणि हे धाडस त्याने शिकलं कुणाकडून? लहानपणी हेंड्रीचा हिरो जिमी व्हाइट होता. हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. बारा-तेराव्या वर्षी घरी छोटं टेबल आलं, त्यावर खेळणारा तो मुलगा तुमच्याच पंथातला होता. तुमच्यासारखाच व्हाइटवाला. जिमीचा बेधडकपणा त्याने उचलला आणि त्याला एक गोष्ट जोडली जी जिमीकडे शेवटच्या फ्रेममध्ये नसायची. तुम्ही बावीस वर्षं ज्याच्यावर दात ओठ खात होता त्याच्या हातात तुमच्याच लाडक्याचा खेळ होता. मला वाटतं मनाच्या तळाशी कुठेतरी तुम्हाला हे कळत होतं, म्हणूनच इतका त्रास व्हायचा. ज्याचा खेळ मुळीच आवडत नाही त्याच्याकडे माणूस एवढा वेळ बघत नाही, टीव्ही बंद करतो.

जिमीने स्वतः काय केलं तेही आठवा. १९९४ ची ती फायनल हरल्यावर, पारितोषिक समारंभात, तो हसत म्हणाला की हा मुलगा आता मला त्रास द्यायला लागलाय. सहावी फायनल हरलेला माणूस, स्वतःच्या वाढदिवसाला. राग त्यालाही आला असणार, पण तो वाक्य बोलून मोकळा झाला. त्याच स्पर्धेत हेंड्री हॉटेलच्या बाथरूममध्ये घसरून पडला होता आणि डाव्या कोपराला चीर गेलेली असताना पुढचे सामने खेळला. डावा म्हणजे टेबलावर टेकवायचा हात, ज्याच्यावर क्यू सरकते. तुम्ही त्या रात्री त्याला जे बोललात ते त्या हातालाही बोललात. हे अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. त्या रात्री टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही एक माणूस होता, एवढंच.

‘अचानक गेला’ ही तुमची तक्रार. हेंड्री म्हणाला की हा निर्णय त्याने तीन महिने आधीच घेतला होता. आता मागे जाऊन ते दहा दिवस पुन्हा बघा. तेवीस वर्षं जागतिक क्रमवारीत पहिल्या सोळांत राहिलेला खेळाडू त्या यादीतून बाहेर पडला होता, म्हणून १९८८ नंतर पहिल्यांदाच त्याला पात्रता फेरी खेळून क्रूसिबलला यावं लागलं. सलग सत्ताविसावं वर्ष. आला आणि पहिल्याच दिवशी स्टुअर्ट बिंगहॅमविरुद्ध १४७. क्रूसिबलमधला त्याचा तिसरा. पहिला कुणाविरुद्ध होता ते तुम्हाला सांगायला नको, १९९५ ची जिमीविरुद्धची सेमीफायनल. बिंगहॅमनंतर गतविजेत्या हिगिन्सला १३-४. माझ्या डेव्हिसने दोन वर्षांपूर्वी ज्याला हरवलं तोच हिगिन्स, तेव्हाही गतविजेताच. आणि मग मॅग्वायरने त्याला इतक्या लवकर संपवलं की तिसऱ्या सत्राची गरजच पडली नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी लाल-काळा, लाल-काळा करत टेबल रिकामं करणाऱ्या माणसाला ठाऊक होतं की हे शेवटचं आहे. आपल्याला ठाऊक नव्हतं. तुम्हाला तो विश्वासघात वाटतो. मला वाटतं, ठाऊक असतं तर आपण तो ब्रेक नीट बघितलाच नसता. आपण निरोप बघत बसलो असतो. आणि तुम्ही? खरं सांगा, तुम्ही त्याही दिवशी चौदाव्या-पंधराव्या लाल चेंडूला तो चुकावा म्हणूनच श्वास रोखला होता ना? असेल तर चांगलंच आहे. शेवटपर्यंत प्रामाणिक प्रेक्षक मिळाला त्याला. हेंड्रीच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, जिमी पन्नास वर्षांचा झाला. तो अजून खेळतोय. शुभेच्छांचं पत्र लिहायचंच असेल तर ते त्याला लिहायला हवं होतं, नाही का?

माफीच्या पत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लिहू नका. टीव्हीसमोर बसून तुम्ही काय पुटपुटलात याने त्या माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही. सात जगज्जेतेपदं, छत्तीस रँकिंग विजेतेपदं, सलग आठ वर्षं पहिला क्रमांक. तुमच्यासारखे हजारो लोक विरोधात असतानाही त्याने हे मिळवलं, आणि ते विरोधात होते म्हणूनच त्या विजयांना वजन आलं. रिकाम्या सभागृहात जिंकण्यासारखं काय असतं? ‘मी नेहमीच मनातून तुमचा चाहता होतो’ असं तर अजिबात लिहू नका. ते खोटं होईल, आणि तुमच्या जिमीशी अन्याय होईल. निवृत्तीच्या आठवड्यात सगळे जुने विरोधक एकदम भक्त होतात, मला ते कधीच पटलेलं नाही. तुम्ही व्हाइटवाले आहात, तसेच राहा. एखादी ओळ लिहावीशीच वाटली तर जे खरं आहे ते लिहा: बावीस वर्षं मी तुमच्या विरोधात होतो आणि तुमचा एकही शॉट बघायचा चुकवला नाही. याहून मोठी पावती विरोधकाकडून दुसरी नसते.

त्याच्या घसरणीच्या वर्षांचं मात्र वेगळं आहे. तिथे मी तुम्हाला इतक्या सहज सोडणार नाही.

२००३ मध्ये विमानप्रवासात त्याची क्यू मोडली. लहानपणापासून जिच्याने खेळला, सातही जगज्जेतेपदं जिच्याने जिंकली, ती चाळीस पौंडांची साधी क्यू. त्यानंतरही त्याने दोन रँकिंग स्पर्धा जिंकल्या, पण २००५ नंतर एकही नाही. आणि पुढे त्याने जाहीरपणे सांगितलं की कितीतरी वर्षं त्याचा हात ऐन फटक्याच्या वेळी आखडत होता. डोक्याला शॉट दिसतो, शरीर तयार असतं, आणि क्यू पुढे ढकलायच्या क्षणी हात ऐकत नाही. कोवळ्या वयापासून ज्या हाताने जग जिंकलं तो हात परका होतो. खेळाडूच्या वाट्याला याहून एकाकी गोष्ट येत असेल असं मला वाटत नाही, कारण बाहेरून ती दिसत नाही, दिसते ती फक्त सोपी चूक. तुम्ही त्या सोप्या चुकांवर खूश झालात. तेव्हा तुम्हाला आतलं माहीत नव्हतं हे खरं. पण आज ते आठवून तुम्हाला लाज वाटते, तर वाटू द्या. ती धुऊन टाकायची घाई करू नका, मीही तुमच्यासाठी धुऊन देणार नाही. पुढच्या वेळी एखादा म्हातारा होत चाललेला विजेता टेबलावर अडखळला की ती लाज तुमच्या शेजारी बसलेली असेल. तुम्ही तेव्हा वेगळे बघाल.

पण माझ्या मते ज्याची माफी मागायची तो माणूस स्कॉटलंडमध्ये नाही. तो तुमच्या फोनमध्ये आहे.

तुम्ही ०-९ ची गोष्ट पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. एक ते नऊ आकडे. फोनच्या दुसऱ्या टोकाला तुमचा मित्र ते ऐकत होता. त्याच वर्षी जिमीने त्याच्या हेंड्रीला पहिल्या फेरीत बाहेर काढलेलं, वरून हे. त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं की पुढच्याच मे महिन्यात हेंड्री मार्क विल्यम्सला १८-११ ने हरवून सातवं जगज्जेतेपद घेणार आहे. मित्राच्या दृष्टीने त्या दिवशी त्याच्या देवाचं संपलं होतं, आणि त्याचा जवळचा दोस्त फोनवर आकडे मोजत होता. हेंड्रीला तुमचा आवाज पोचला नाही. याला पोचला. थट्टाच होती, मैत्रीत चालते, तोही तुम्हाला १९९४ वरून बोलला असेल. तरी काही थट्टा जागेवर बसत नाहीत, आत कुठेतरी राहतात. परवा त्याने तुम्हाला ‘हक्क नाही’ म्हटलं ना, तेव्हा मला वाटतं तो दहावा आकडा म्हणाला.

आणि त्याचंही बघा. तुमच्या दुःखाला निदान धक्क्याचा आधार आहे, तुम्हाला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. त्याचं दुःख साधं, सरळ आणि एकटं आहे. ज्याच्यावर प्रेम केलं तो १३-२ ने हरून गेला. अशा दिवशी पहिला फोन येतो तो आयुष्यभर हेंड्रीची हार मागणाऱ्या माणसाचा, आणि तो माणूस रडतोय. त्याला क्षणभर वाटलं असेल की हा आता माझं दुःखही घ्यायला आला. मी त्याच्या जागी असते तर मीही फोन ठेवला असता.

म्हणून पुन्हा फोन करा. या आठवड्यातच, कारण असे अबोले आठवड्याचे महिने कधी होतात ते कळत नाही. स्वतःच्या रडण्यापासून सुरुवात करू नका, ‘मलाही वाईट वाटतंय’ हे वाक्य तर पहिल्या पाच मिनिटांत नकोच. १९९८ पासून सुरुवात करा. म्हणा, त्या दिवशी मी आकडे मोजले ते चुकलं. तो कदाचित म्हणेल, अरे ते कुठलं काढलंस आता. त्याला तसं म्हणू द्या आणि तरी तुमचं वाक्य पुरं करा.

मग त्याच्याकडे जा आणि १९९४ च्या फायनलची ती शेवटची फ्रेम दोघं मिळून पुन्हा बघा. फक्त ती एक फ्रेम. तुम्ही ती आजवर जिमीकडे बघत पाहिली आहे. काळा चेंडू चुकला तेव्हाचा त्याचा चेहरा तुमच्या डोळ्यांसमोरून जात नसेल. या वेळी खुर्चीत बसलेल्या हेंड्रीकडे बघा. कॅमेरा जेवढा दाखवेल तेवढा. पंचवीस वर्षांचा मुलगा, कोपर दुखतंय, लहानपणीचा हिरो टेबलावर, आणि तो हिरो आता जिंकणार असं सगळ्या सभागृहाला वाटतंय. त्याला उठता येत नाही, काही करता येत नाही. स्नूकरमध्ये हेच क्रूर असतं, समोरचा खेळत असताना तुम्ही फक्त बसून राहता. जिमी पुढे होता ती सगळी मिनिटं हेंड्री असा बसून होता.

आणि ती फ्रेम संपल्यावर मित्राला विचारा, जिमी ३७-२४ ने पुढे असताना तुला काय वाटत होतं रे? तो त्या रात्री तुमच्या शेजारीच बसला होता. अठरा वर्षं झाली, तुम्ही हे त्याला कधी विचारलेलं नाही.